दिव्यांवरची साय

तंजावरला गाडी उभी करायला सावली मिळणे ही भाग्याची गोष्ट. राजवाड्याच्या आजूबाजूच्या जुन्या वीथ्यांमधली घरे एकमेकांना खांदा लावून उभी आहेत. ज्या काळी ती बांधली गेली त्या काळी दाराशी फार तर बैलगाडी किंवा मेणा येई. आज त्याच दारांशी मोटारी येतात आणि रस्त्याच्या कडेला उन्हात तापत राहतात. विषुववृत्तापासून अकरा अंशही दूर नसलेले हे गाव. इथले ऊन मार्चपासूनच कातडी सोलायला लागते. दहा-बारा वर्षे हे ऊन खाल्लेल्या गाडीचे डोळे सगळ्यांत आधी जातात. पुढचे दोन्ही दिवे आधी धुरकट होतात, मग पिवळट, आणि शेवटी दुधावर साय धरावी तसा त्यांच्यावर थर धरतो.

हे हळूहळू होते आणि म्हणूनच लक्षात येत नाही. टायर फुटला की आवाज होतो, बॅटरी गेली की गाडी जागची हलत नाही. दिवा मात्र रोज चिमूटभर मंद होत जातो, आणि चालवणारा तितकाच रोज पुढे वाकून बसायला शिकतो.

ज्यांची ही हकिकत आहे ते गृहस्थ असेच पुढे वाकून बसायला शिकले होते. वय सत्तरीला टेकलेले, बँकेतून निवृत्त झालेले. भोसल्यांच्या राज्याबरोबर इकडे आलेल्या आणि इकडचेच होऊन गेलेल्या मराठी घराण्यांपैकी एकातले. त्यांच्या घरातली मराठी पुण्याच्या पाहुण्याला अर्धी ओळखीची आणि अर्धी परकी वाटते. उंबरठ्याबाहेर पाऊल पडले की सारा व्यवहार तमिळमध्ये. घरीदारी त्यांना सगळे अप्पा म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला अम्मा. मुलगा आणि सून चेन्नईला. दाराशी बारा वर्षांची लहानशी गाडी. अप्पांचा जीव त्या गाडीवर आणि अम्मांचा तिरुवैयारूच्या गाण्यावर.

तिरुवैयारू म्हणजे त्यागराजस्वामींचे गाव, तंजावरपासून बारा-तेरा किलोमीटरवर. १८४७ च्या जानेवारीत त्यांनी देह ठेवला तो तिथे, कावेरीच्या काठी. दरवर्षी पौष वद्य पंचमीला तिथे आराधना होते. त्या सकाळी शेकडो गायक-वादक एकत्र बसून पंचरत्न कृती म्हणतात आणि आधीच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत गाणे चालते. अम्मांनी लग्न होऊन आल्यापासून एकही आराधना चुकवलेली नव्हती. आधी बसने, मग स्कूटरवर मागे बसून आणि नंतर गाडीने. गावाच्या नावातच पाच नद्या आहेत. तंजावरहून निघाले की वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी असे पाच पूल लागतात. येताना अम्मा ते उलटे मोजत. शेवटचा वडवारचा आला की घर आले.

तो रस्ता दिवसा सुंदर आहे. दोन्ही बाजूंना भातशेती, नारळ, केळी. पण आराधनेचे दिवस म्हणजे सांबा पिकाच्या कापणीचे दिवस. शेतकरी भात वाळवायला डांबरी रस्त्याच्या अर्ध्या रुंदीवर पसरतात. गाड्यांनी त्यावरून जाऊ नये म्हणून कडेने दगड मांडतात. रात्री त्याचा ढीग करून वर ताडपत्री घालतात आणि घरातले कोणीतरी राखणीला तिथेच शेजारी अंग टाकते. हे बरोबर की चूक हा वाद शहरातल्या माणसाने घालू नये. ज्याच्याकडे खळे नाही त्याने भात वाळवायचे कुठे? पण कृष्णपक्षातली रात्र, चंद्र उशिरा उगवणारा, शेतांवर उतरलेले दव, आणि मध्येच रस्त्यावर काळी ताडपत्री.

अशाच एका रात्री परतताना कुडमुरुट्टीचा पूल मागे पडला होता, वेट्टारचा यायचा होता. अम्मा मनातल्या मनात नुकतेच ऐकलेले गाणे घोळवत होत्या. एकाएकी त्यांना डावीकडे दगडांची ओळ दिसली आणि त्यापलीकडे पांढरे काहीतरी.

“अहो, माणूस!”

अप्पांनी ब्रेक दाबला. गाडी ताडपत्रीच्या कडेला, एक दगड बाजूला लोटून थांबली. पांढरी वेष्टी पांघरून झोपलेला म्हातारा उठून बसला, दिव्यांकडे हात आडवा धरून पाहू लागला. दोन हात अंतर होते, फार तर अडीच. अप्पा खाली उतरले, त्याची क्षमा मागितली, दगड उचलून जागेवर ठेवला. तो म्हातारा काय म्हणाला असेल? “परवायिल्लै.” म्हणजे असू दे, काही हरकत नाही. तमिळमधला हा शब्द आणि आपला ‘पर्वा नाही’ एकाच फारसी मुळातून आलेले. अप्पांना एरवी ही गोष्ट सांगायला फार आवडते. त्या रात्री घर येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. अम्मांनी पूलही मोजले नाहीत.

सकाळी अप्पा गाडीसमोर उकिडवे बसले आणि बऱ्याच वर्षांनी त्यांनी दिव्यांकडे नीट पाहिले. आतला बल्ब दिसतच नव्हता. नखाने खरवडले तर खरबरीत लागले.

“हे बघ,” त्यांनी अम्मांना बोलावून दाखवले, “एवढ्या सायीतून उजेड बाहेर येणार कसा? मी कालपासून म्हणतोय, माझी काही चूक नव्हती.”

ते कालपासून काहीच म्हणाले नव्हते. पण अम्मांना त्यांच्या आवाजातली सुटका ऐकू आली आणि त्या गप्प राहिल्या.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. अॅम्बेसिडर आणि पद्मिनीच्या जमान्यात दिव्यांना खरीखुरी काच असे. दगड लागला की फुटे, पण वीस वर्षे उन्हात राहिली तरी पिवळी पडत नसे. पुढे गाड्यांचे नाक निमुळते झाले, दिवे वळणदार झाले, वजन कमी करायचे ठरले. तेव्हा काचेच्या जागी पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक आले. १९५३ मध्ये जर्मनीत आणि अमेरिकेत दोन रसायनशास्त्रज्ञांना ते जवळपास एकाच वेळी, एकमेकांना ठाऊक नसताना सापडले. हातोड्याचा घाव सहज सोसेल इतके ते चिवट. पण त्याचे दोन शत्रू आहेत: ओरखडा आणि सूर्यप्रकाशातले अतिनील किरण. म्हणून कारखान्यातच त्यावर कडक, पारदर्शक लेप देतात. ऊन, धूळ, कोरड्या फडक्याने पुसणे यांनी तो लेप वर्षांनुवर्षे झिजतो, सुटतो, आणि उघड्या पडलेल्या प्लॅस्टिकचा वरचा पापुद्रा किरणांनी पिवळा पडून तडकतो. हा बिघाड केसभर जाडीचाही नसतो. खालचे प्लॅस्टिक निर्मळच असते. पण प्रकाश अडायला तेवढाही थर पुरतो. अमेरिकेतल्या एएए या मोटारचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये मोजून पाहिले तेव्हा अशा पिवळ्या दिव्यांतून नव्या दिव्यांच्या जेमतेम पाचवा हिस्सा उजेड बाहेर पडत होता. उरलेला काही वाया जातो असे नाही. तो भलतीकडे फाकतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

उपाय सांगणारे पुष्कळ भेटले. वर्कशॉपने सांगितले, दोन्ही दिवे बदला. किंमत ऐकून अप्पांनी पेन्शनचा हिशेब मांडला आणि कागद घडी करून खिशात ठेवला. शेजारच्या मुलाने सांगितले, बल्ब दुप्पट वॅटचा घाला. हे तर आगीत तेल. साठ-पंचावन्न वॅटसाठी केलेल्या दिव्यात शंभराचा बल्ब घातला तर वायर आणि होल्डर तापतात, प्लॅस्टिक आणखी लवकर जाते, समोरच्याचे डोळे दिपतात आणि ते कायद्यातही बसत नाही. तिसऱ्याने थिनरने पुसायला सांगितले. तेही अप्पांनी केले नाही, हे बरे झाले. थिनर, पेट्रोल, अॅसिटोन यांनी पॉलिकार्बोनेटला आतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात आणि त्यांवर मग कोणताच इलाज चालत नाही.

चौथा उपाय टूथपेस्टचा. तो अम्मांनी स्वतः केला. दुपारभर ओल्या फडक्याने दोन्ही दिवे घासले आणि संध्याकाळी ते खरोखर उजळले. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी खडूसारखी किंवा सिलिकाची बारीक पूड असते, ती वरचा पापुद्रा थोडा काढते. अम्मांनी मुलाला फोन करून अभिमानाने सांगितलेसुद्धा. तीन आठवड्यांत साय परत आली, पहिल्यापेक्षा दाट. कारण उरलासुरला लेपही त्या घासण्याने निघून गेला होता आणि त्याच्या जागी नवा कोणी दिला नव्हता.

शेवटी माणूस सापडला तो एका टिंकरिंग शेडमध्ये. मुंबई-पुण्याकडे ज्याला डेंटिंग-पेंटिंग म्हणतात त्याला इकडे टिंकरिंग म्हणतात. पत्र्याचे छप्पर, कडुनिंबाचे झाड, आणि पन्नाशीचा पेंटर. त्याने दिव्यावर आधी पाणी ओतले. ओले असताना दिवा क्षणभर आरपार दिसला, वाळला तशी साय परतली.

“बाहेरच आहे सार,” तो म्हणाला. “पाण्याने जर फरक पडला नसता, तर मी हात लावला नसता.”

ही परीक्षा लक्षात ठेवण्यासारखी आहे. धुके काचेच्या आतल्या अंगाला असेल, सील सुटून ओल शिरली असेल किंवा मागचा चकचकीत परावर्तक काळवंडला असेल, तर बाहेरून कितीही घासा, हाती काही लागत नाही.

त्याने दिव्याभोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन-दोन पट्टे चिकटवले. बादलीत पाणी, त्यात साबणाचे चार थेंब, आणि त्यात वॉटर पेपरचे तुकडे भिजत घातले: आठशे, हजार, दीड हजार, दोन हजार, तीन हजार. नंबर जितका मोठा तितका कागद मऊ. पहिला आठशेचा त्याने रबरी ठोकळ्याला गुंडाळला आणि आडव्या हाताने घासायला सुरुवात केली. जोर देत नव्हता, फक्त पाणी सतत सोडत होता. दिव्यावरून पिवळट ओघळ उतरू लागले.

“पाणी पिवळं आहे तोवर जुनं निघतंय,” तो म्हणाला. “पांढरं झालं की थांबायचं.”

पाणी पांढरे झाले. त्याने फडक्याने पुसले आणि अम्मांनी कपाळाला हात लावला. दिवा आता पिवळा नव्हता, पण आरपारही नव्हता. न्हाणीघराच्या खिडकीच्या काचेसारखा पांढराफटक, आंधळा.

“अहो, होतं तेही घालवलं की यानं!”

अम्मा मराठीत बोलल्या, पण पेंटरला अर्थ बरोबर कळला. अशा वेळी सगळी गिऱ्हाईके एकच वाक्य बोलतात, भाषा कोणतीही असो. तो हसला आणि त्याने हजारचा कागद उचलला. आता हात उभा. आडव्या रेघा सगळ्या पुसल्या गेल्या की मग दीड हजार, पुन्हा आडवा. प्रत्येक कागदाने आपल्या आधीच्या कागदाचे ओरखडे काढायचे आणि स्वतःचे, त्याहून बारीक, मागे ठेवायचे. दिशा बदलायची ती एवढ्यासाठी की मागची रेघ राहिली तर दिसावी. जो माणूस आठशेवरून थेट दोन हजारावर उडी मारतो त्याच्या दिव्यात उन्हात बघितले की कोळिष्टके दिसतात. एका दिव्याला तासभर लागला. अम्मा स्टुलावर बसून बघत राहिल्या. तीन हजारच्या कागदानंतर पांढरेपणात खोल कुठेतरी बल्बचा आकार दिसू लागला, पहाटे धुक्यातून गोपुर दिसावे तसा.

मग रबिंग कंपाऊंड आणि लोकरी बफ, तेही मशीन हळू ठेवून, कारण वेग वाढला की प्लॅस्टिक तापते आणि लिबलिबीत होते. आणि मग तो दिवा उघडला. दुसरा शब्द नाही. बल्ब, त्याची दांडी, मागचा आरसा, सगळे स्वच्छ. शेजारी दुसरा दिवा पिवळाच होता. गाडी एका डोळ्याने बघत असल्यासारखी दिसत होती.

पुष्कळ जण इथेच थांबतात आणि पैसे देऊन घरी जातात. सहा-आठ महिन्यांत पुन्हा येतात. घासलेल्या प्लॅस्टिकला आता कोणतेच कवच नसते, ते नवजात अर्भकासारखे उघडे असते. पेंटरने दुसरा दिवाही संपवला, दोन्ही स्पिरिटने पुसून कोरडे केले, तोंडाला मास्क बांधला, कारण त्या लॅकरची वाफ छातीला वाईट, आणि झाडाखालच्या आडोशाला अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट मारला. आधी नुसता धुरासारखा हलका हात, तो चिकट झाल्यावर भरलेला. गाडी रात्रभर तिथेच ठेवायला लावली आणि आठवडाभर धुवायची नाही असे बजावले. मजुरी नव्या दिव्यांच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नव्हती. निघताना तो डाव्या दिव्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला. अप्पांनी वाकून पाहिले, मान हलवली आणि म्हणाले, “परवायिल्लै.”

त्या संध्याकाळी अप्पांनी गाडी अंगणाच्या भिंतीसमोर उभी केली. पूर्वी भिंतीवर नुसता हळदीचा डाग पडल्यासारखा उजेड पडे. आता त्याला स्पष्ट कडा होती, सरळ जाणारी आणि डावीकडे किंचित वर चढणारी, आपल्याकडच्या दिव्यांची असते तशी. रस्त्याच्या डाव्या कडेचा माणूस दिसावा म्हणून. अप्पा एखाद्या लहान मुलासारखे दिवे लावत-विझवत राहिले. “घासून नव्याचे शंभर टक्के होत नाहीत, सत्तरेक टक्के होतात म्हणे,” ते म्हणाले, “पण बघ तरी!”

चार दिवसांनी मुद्दाम अंधार पडल्यावर दोघे तिरुवैयारूच्या रस्त्याला निघाले. गाणे नव्हते, काम नव्हते. फक्त बघायचे होते. रस्ता कडेपर्यंत उजळला होता. अम्मांना किलोमीटरचे दगड दिसत होते, पुलांचे कठडे दिसत होते, पळ्ळियग्रहारमची पाटी त्यांनी लांबूनच वाचली.

“आता कसं दिसतंय?” अम्मांनी विचारले.

“छान. पूर्वीपेक्षा पुष्कळ छान.” मग थोड्या वेळाने: “समोरच्यांचे दिवे मात्र हल्ली फार वाईट असतात. फुलबाजीसारखे फुटतात डोळ्यांत.”

समोरून एक स्कूटर येत होती, तिचा दिवा मंद होता. अम्मांनी तिच्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. ते तसेच पुढे वाकून बसले होते, पाठ सीटला न टेकवता. एवढा उजेड पडलेला असताना.

अम्मा काही बोलल्या नाहीत. वेण्णारच्या पुलावर त्यांनी सहज विचारले, “ती पाटी काय म्हणते हो?”

“कुठली?”

संसाराला त्रेचाळीस वर्षे झाल्यावर एवढे दोन प्रश्न पुरतात. घरी येऊन अम्मांनी दूध तापवले, दोन पेले भरले, आणि समोर बसून म्हणाल्या, “अर्धी साय त्या पेंटरने काढली. अर्धी तुमच्या डोळ्यांत आहे.”

अप्पा रागावले. माझा परवाना अजून चालू आहे, म्हणाले. चाळीस वर्षांत एक ओरखडा काढलेला नाही, म्हणाले. वयाचा विषय निघाला की पुरुषमाणसे जे जे बोलतात ते सगळे बोलून झाले. खरे दुखणे वेगळे होते. डोळ्यांत मोतीबिंदू असला तर त्या रात्रीचा दगड, ती ताडपत्री आणि तो म्हातारा यांचा दोष दिव्यांवर टाकता येणार नव्हता. आणि एकदा डोळे दाखवले की मुलगा गाडीची किल्ली मागणार. गाडी गेली की आराधना गेली, बाजार गेला, मनात येईल तेव्हा बाहेर पडणे गेले. या वयात किल्ली ही नुसती किल्ली नसते.

अम्मांनी वाद घातला नाही. त्यांनी अप्पांचीच एक गोष्ट अप्पांना सांगितली.

महाराष्ट्रातून कोणी पाहुणा आला की अप्पा त्याला आधी मोठ्या देवळाच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख दाखवतात आणि मग राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात नेतात. आजोबांनी शिकवलेली मोडी त्यांना येते, त्यामुळे तिथल्या मोडी कागदांविषयी बोलू लागले की थांबत नाहीत. त्यांची सगळ्यांत आवडती गोष्ट सरफोजीराजांची. १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर असलेले हे दुसरे सरफोजी. राज्यकारभार इंग्रजांनी काढून घेतला, तेव्हा राजाने आपली बुद्धी ग्रंथांत आणि वैद्यकात घातली. धन्वंतरी महाल उभा केला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशा चारही पद्धतींचे वैद्य एका छताखाली बसत. डोळ्यांचे रुग्ण तिथे येत, त्यांच्या नोंदी ठेवल्या जात, आणि प्रत्येकाच्या डोळ्याचे हाताने रंगवलेले चित्र सोबत असे. राजा स्वतः शस्त्र हाती धरी असे सांगतात. ते कागद आजही ग्रंथालयात आहेत, आणि त्यांत मोतीबिंदूचे रुग्णही आहेत.

“दोनशे वर्षांपूर्वी शेतकरी-कष्टकरी माणसं राजापुढे डोळा उघडून बसली,” अम्मा म्हणाल्या. “तेव्हा भूल नव्हती. आणि तुम्ही, ती गोष्ट सगळ्यांना सांगणारे, हाकेच्या अंतरावरच्या डॉक्टरकडे जायला घाबरता?”

अप्पांचे दूध निवून त्यावर साय धरली होती. ती त्यांनी बोटाने बाजूला केली आणि पेला संपवला. दुसऱ्या दिवशी ते दोघे डोळे दाखवायला गेले.

दिव्याची साय आणि डोळ्याची साय यांत एक मोठा फरक आहे. दिव्याची बाहेर असते, म्हणून घासून जाते. डोळ्यातले भिंग आतूनच धुरकट होते, अंड्याचा पांढरा बलक शिजताना होतो तसे. त्याला घासणार कुठून? थेंबांनी मोतीबिंदू विरघळतो असे सांगणाऱ्यांच्या मागे लागून माणसे वर्षे घालवतात, त्याला काही आधार नाही. प्राचीन काळी सुईने ते भिंग आत ढकलून वाटेतून दूर करत. सुश्रुताने ती रीत लिहून ठेवली आहे. उजेड आत येई, पण भिंगच नसल्याने जग फुगीर, अस्पष्ट दिसे. काढलेल्या भिंगाच्या जागी नवे बसवावे, हे सुचले ते एका विमानाच्या काचेमुळे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची पारदर्शक प्लॅस्टिकची छते फुटून त्यांचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत रुतत. लंडनचे डॉक्टर हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आले की हे कण डोळा निमूट सोसतो, सूज येत नाही. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग करून त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी एका रुग्णाच्या डोळ्यात बसवले. म्हणजे गाडीच्या दिव्याचे प्लॅस्टिक आणि डोळ्यातले ते पहिले भिंग, दोघे एका अर्थाने चुलतभाऊ.

हे भिंग अनेक वर्षे परदेशातून येई आणि गरिबाला परवडत नसे. मदुराईला १९७६ मध्ये डॉक्टर गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. त्याच संस्थेच्या ऑरोलॅबने १९९२ पासून अशी भिंगे आपल्याकडेच स्वस्तात बनवायला सुरुवात केली. आज तमिळनाडूतल्या खेड्यातली म्हातारी माणसेही मोतीबिंदू काढून पुन्हा शेतावर जातात ते यामुळे.

अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, उजव्यात जास्त पिकलेला. एकाची शस्त्रक्रिया झाली, महिनाभराने दुसऱ्याची. त्यात सांगण्यासारखे फारसे नाही. थेंब टाकून डोळा बधिर केला, अर्ध्या तासाच्या आत बाहेर. मुलगा येऊन राहिला. त्याने किल्ली मागितली नाही. फक्त म्हणाला, “अप्पा, डॉक्टर सांगतील तेव्हाच गाडी काढा. आणि रात्रीचं लांब जायचं असेल तर ड्रायव्हर बोलवा, पैसे मी देतो.” अप्पांनी पहिले मान्य केले. दुसऱ्यावर म्हणाले, बघू. पुढच्या आराधनेला मात्र त्यांनी स्वतःच एका ओळखीच्या तरुणाला गाडी चालवायला बोलावले. मग मागे बसून दोन्ही अंगांनी त्याला सूचना दिल्या, डिपर मार, दगड बघ, हळू.

पट्टी निघाल्यावरचे पहिले काही दिवस ते घरभर हिंडत होते. भिंती पांढऱ्या होत्या, त्यांना त्या मळकट पिवळ्या ठाऊक होत्या. उलट जी वेष्टी ते पांढरी समजून सणासुदीला नेसत ती चक्क पिवळी निघाली, आणि अम्मांनी हे आपल्याला कधी सांगितले नाही म्हणून त्यांनी तक्रार केली. अम्मांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांबद्दल ते काही बोलले नाहीत. एवढे शहाणपण डोळ्यांच्या आधीपासून होते.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्यांनी सकाळच्या उन्हात गाडी धुतली. भरपूर पाणी, मऊ फडके, कोरडे पुसणे नाही. दिव्यांवर हात फिरवताना ते थांबले. डाव्या दिव्याच्या खालच्या कोपऱ्यात, बोटभर लांबीचा, लखलखीत ओरखडा होता. नीट बघितल्यावर आणखी दोन. अप्पा तशीच गाडी घेऊन शेडमध्ये गेले आणि पेंटरला दिवा दाखवला.

“हा कधी पडला? तू केलास तेव्हा तर नव्हता.”

पेंटरने वाकून पाहिले, मग अप्पांच्या डोळ्यांकडे पाहिले.

“तेव्हाही होता सार. खोल आहे, काढायला गेलो तर प्लॅस्टिक पातळ होईल म्हणून मी तुम्हाला दाखवला होता. तुम्ही बघितलात आणि परवायिल्लै म्हणालात.”